जिप्सम पार्टिशनला पडलेलं भोक: पूर्ण बोर्ड बदलायचा की स्वतः दुरुस्त करता येतं?

अभ्यासिकावाला

नमस्कार मंडळी. नागपुरात नंदनवनला माझी छोटी अभ्यासिका आहे, स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. हॉलच्या मधोमध जिप्सम बोर्डाचं पार्टिशन आहे आणि दोन्ही बाजूंनी टेबलं लावलेली आहेत. कोपऱ्यातल्या खुर्चीची पाठ रोज एकाच जागी आदळत होती, शेवटी बोर्ड आत गेला. भोक साधारण सहा इंच रुंद आणि चार इंच उंच आहे. आजूबाजूला तडे गेलेत, कागद लोंबतोय.

ठेकेदाराला फोटो पाठवला, तर तो म्हणतो पूर्ण बोर्ड काढून नवीन लावावा लागेल, हॉल रिकामा करून द्या. पोरांची परीक्षा तोंडावर आहे. हॉल बंद ठेवणं मला जमणार नाही आणि त्यांनाही परवडणार नाही. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, पण असं काम आजवर केलेलं नाही. रात्री अभ्यासिका बंद झाल्यावर थोडं थोडं करून हे होण्यासारखं आहे का?

संत्राबर्फी

भाऊ, होते की! आमच्या ऑफिसात दाराची मूठ लागून असंच भोक पडलं होतं. पोरानं वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून पुट्टी मारली, रंग मारला, विषय संपला.

गुण्या_ओळंबा

संत्राबर्फीताई, असं करायला सांगू नका बापा. मी बरीच वर्षं फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनचीच कामं करून राहिलो आहे. अशी बोळे कोंबलेली भोकं उघडून परत करायला आम्हालाच बोलावतात. बोळ्याला मागून कशाचा आधार नसतो. खुर्ची परत टेकली की पुट्टीचा सगळा पापुद्रा आत जातो.

दुसरं म्हणजे जिप्सममध्ये वजनाच्या जवळजवळ पाचवा भाग पाणी असतं, दगडातच बांधलेलं. आग लागली तर ते पाणी वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ बोर्ड पलीकडची बाजू वाचवतो. त्याच भिंतीत तुम्ही रद्दी भरली, तर बोर्डाचा तो उपयोगच गेला. अभ्यासिकेत पन्नास पोरं बसतात, तिथे तर मुळीच नको.

अभ्यासिकावाले भाऊ, पूर्ण बोर्ड बदलायची गरज नाही. पण आधी मला तीन गोष्टी सांगा. भोकाच्या कडेला पांढरा भुगा आणि कागद दिसतो का? कारण सिमेंट बोर्ड असेल तर राखाडी दिसेल, आणि मग काम वेगळं. भोकाच्या आसपास बोर्ड दाबला तर मऊ लागतो का? आणि त्या टेबलावर लॅपटॉपचा प्लग आहे का?

अभ्यासिकावाला

पांढरा भुगा आणि कागद, दोन्ही आहे. बोर्ड कडक आहे. तळाशी मात्र एका जागी थोडा फुगल्यासारखा वाटतो. कूलर तिकडेच आहे. आणि हो, प्रत्येक टेबलावर प्लग आहे, भोकापासून हातभर अंतरावर.

गुण्या_ओळंबा

मग पहिलं काम एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा खटका, पाडायचं. नुसतं प्लगचं बटण बंद करून भागत नाही. प्लगच्या वायरी पार्टिशनच्या पोटातून गेलेल्या असतात. पाईप आडवा गेला की उभा, ते बाहेरून कळत नाही. भोकातून मोबाइलचा टॉर्च आत धरा आणि चारही बाजूंना बघून घ्या. वायर नेमकी तुमच्या कापायच्या रेषेत असेल तर रेषा सरकवा.

आता भिंतीच्या पोटात काय असतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं वाटेल. दोन्ही बाजूंना साडेबारा मिलिमीटरचा एकेक बोर्ड, मधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे उभे स्टड, म्हणजे आधाराचे खांब, साधारण दोन-दोन फुटांवर. म्हणजे भोकाच्या मागे जेमतेम दोन इंच पोकळी आणि लगेच पलीकडच्या बोर्डाची पाठ. म्हणून स्क्रू 25 मिमीचाच घ्यायचा, काळा ड्रायवॉल (म्हणजे जिप्सम बोर्डाचा) स्क्रू. स्टड कुठे आहे हे बघायला फ्रिजवरचं लोहचुंबक भिंतीवरून फिरवा. जिथे चिकटेल तिथे स्क्रूचं डोकं आहे, आणि अशी तीन-चार डोकी एका उभ्या रेषेत सापडली की तो स्टड.

तुमचं भोक दोन स्टडच्या मधे असणार. स्टडवर असतं तर खुर्चीनं इतक्या सहज पडलं नसतं.

वर्धा_रोडवरून

यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत, पण बहुतेक अमेरिकेतले. तिकडे घरंच्या घरं याच बोर्डाची असतात, आतले स्टड लाकडी आणि 16 इंचांवर. त्या मापानं आपल्या भिंतीत स्टड शोधत बसलात तर सापडणार नाही. बाकी पद्धत तीच. पार्टिशनवाल्यांना इकडे ड्रायवॉल म्हटलं तरी कळतं.

अभ्यासिकावाला

चुंबक फिरवलं, स्टड सापडले. भोक बरोबर मधेच आहे. वायरीचा पाईप भोकाच्या वरून आडवा गेलाय, चार बोटं वर. आता पुढे काय करू?

गुण्या_ओळंबा

आता सविस्तर लिहितो, घाई न करता वाचा.

फुटलेल्या भोकाची कड कधीच भक्कम नसते, म्हणून आधी भोक मोठं करायचं. हे ऐकून नवीन माणूस घाबरतो, पण तडे गेलेला सगळा भाग काढून टाकल्याशिवाय काम टिकत नाही. गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून तडे आत येतील असा चौकोन पेन्सिलीनं आखा. तुमचा साधारण आठ बाय सहा इंचांचा होईल. कटरनं त्याच रेषेवरून परत परत पातं ओढा. करवत आत खुपसू नका, कारण तुमच्या भिंतीत वायर आहे. पातं थोडंच बाहेर काढलं की खोलवर जात नाही. समोरचा कागद आणि मधला जिप्सम कापला गेला की तुकडा हातानं हलवून काढा आणि मागचा कागद कापून टाका.

आता आधार. एक इंच रुंद, अर्धा इंच जाड अशा लाकडाच्या किंवा प्लायच्या दोन पट्ट्या घ्या, चौकोनाच्या उंचीपेक्षा चार इंच लांब. पट्टीच्या मधोमध एक स्क्रू अर्धवट बसवा, तीच पकडायची मूठ. पट्टी तिरकी करून भोकातून आत घाला, उभी करा आणि डाव्या कडेच्या मागे अशी ओढून धरा की अर्धी बोर्डामागे राहील आणि अर्धी भोकात दिसेल. एका हातानं मूठ धरून दुसऱ्या हातानं भोकाच्या वर आणि खाली, जुन्या बोर्डातून पट्टीत एकेक स्क्रू मारा. वरचा स्क्रू मारताना पाईपापासून लांब राहा. मग मूठ काढून घ्या. उजव्या कडेला तसंच. हे एकट्यानं होतं, पण कोणी ड्रिल धरायला असेल तर बरं.

नवीन तुकडा त्याच जाडीच्या बोर्डाचा हवा आणि चौकोनापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान. ठोकून बसवायचा नसतो, अलगद बसला पाहिजे. तो पट्ट्यांवर ठेवून चार कोपऱ्यांत चार स्क्रू. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत गेलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. बोर्डाची सगळी पकड त्या कागदात आहे. कागद फाडून डोकं आत गेलं, तर तो स्क्रू नसल्यासारखाच. शेजारी दुसरा मारा.

हे झालं की हात ठेवून दाबून बघा. हललं नाही तर अर्धी लढाई जिंकली. भोक बुजवणं म्हणजे मसाला भरणं नव्हे हो, बोर्डाला गेलेला आधार परत देणं आहे. मसाला नंतर.

चुनाभट्टी_पेंटर

भाऊंनी बरोबर सांगितलं. त्यात एक भर. जिथे वरचा कागद निघून खालचा तपकिरी कागद उघडा पडतो ना, तिथे आधी प्रायमरचा हात मारा आणि वाळू द्या. उघड्या कागदावर ओला कंपाउंड (सांधे भरायचा मसाला) लावला की कागद पाणी पितो, फुगतो आणि फोड येतात. मग घासलं की फोड फुटतो आणि काम पहिल्यापासून. लोंबणारा कागद ओढून काढू नका, ओढला की आणखी सोलत जातो. कटरनं कापा.

फुटाळा_किनारी

पीओपी का नको? पिशवी सगळीकडे मिळते आणि पंधरा मिनिटांत घट्ट होते. माझ्या घरी कॉर्निसची (छताच्या कडेच्या नक्षीपट्टीची) सगळी डागडुजी मी पीओपीनंच करतो.

गुण्या_ओळंबा

कॉर्निसला चालते, सांध्याला नाही. पीओपी झटपट घट्ट होते, पण ताणाला टिकत नाही. पार्टिशन दार आदळलं तरी थरथरतं आणि सांध्यावर केसासारखी चीर येते. जॉइंटिंग कंपाउंड त्याच कामासाठी केलेला असतो, थोडं सहन करतो आणि घासायलाही मऊ असतो. खोल फट असेल तर आत पीओपी भरा, माझी हरकत नाही, पण टेप आणि वरचे थर कंपाउंडचेच. आणि नवशिक्या माणसानं पीओपी कालवली की ब्लेड हातात घेईपर्यंत ती भांड्यातच बसते. त्यात परत पाणी ओतून फिरवलेली पीओपी तर लावूच नये, तिचं बळ गेलेलं असतं.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी प्लास्टरच्या भिंतीसाठी असते. बोर्डाच्या सांध्यात ती भरू नका.

अभ्यासिकावाला

एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. बोर्डाचा तुकडा कुठे मिळेल? दुकानदार पूर्ण शीट घ्या म्हणतात.

रेशीमबाग_रहिवासी

शीट घेऊ नका. माझ्याकडे सीलिंगच्या कामातून उरलेले दोन तुकडे बाल्कनीत आहेत. कोरडे आहेत, साडेबारा मिमीचेच, आत्ताच मोजले. नंदनवनापासून दहा मिनिटांवर आहे, निरोपपेटीत पत्ता पाठवतो. नाहीतर जिथे सीलिंगचं काम चालू असेल तिथल्या कारागिराला विचारा, कापलेले तुकडे ते टाकूनच देतात.

स्क्रू, पुट्टी ब्लेड, पॉलिश पेपर इतवारीत लोहाओळीत मिळून जाईल. प्लायच्या पट्ट्या लकडगंजात मिळतात. कंपाउंड आणि टेप मात्र सीलिंगचं सामान विकणाऱ्याकडेच बघा, साध्या हार्डवेअरवाल्याकडे बहुधा नसतं. आणि हो, जायचं तर सकाळी दुकान उघडतानाच जा. या उन्हात दुपारी इतवारी नको.

संत्राबर्फी

आमच्या ऑफिसातली ती भिंत आज दाबून पाहिली. खरंच मऊ लागते. सोमवारी साहेबांना दाखवते. धागा जपून ठेवते आहे.

अभ्यासिकावाला

रेशीमबागवाल्या दादांनी तुकडाही दिला आणि चहाही पाजला. काल रात्री पट्ट्या आणि तुकडा बसवला. दाबला तर हलत नाही. आता टेप. दुकानदारानं दोन प्रकार दाखवले, एक कागदाची आणि एक जाळीची चिकट. कोणती लावू?

गुण्या_ओळंबा

जाळीची टेप लावायला सोपी असते, आपोआप चिकटते. पण तिच्यावर पावडरचा, म्हणजे पाण्यात कालवून घट्ट होणारा कंपाउंड लागतो. बादलीतला तयार कंपाउंड हवेनं वाळतो, त्याच्यासोबत कागदाची टेपच भक्कम. तुम्ही बादली घेतली असेल तर कागदाचीच घ्या.

आधी चारही फटींत कंपाउंड दाबून भरा. मग सांध्यावर चार इंच रुंद पातळ थर, आणि तो ओला असतानाच त्यावर टेप. आपल्याकडच्या या कोरड्या हवेत सुकी टेप कंपाउंडातलं पाणी शोषून घेते आणि नंतर कडा सुटतात. म्हणून टेपचा तुकडा पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढा, निथळू द्या, मग लावा. ब्लेड तिरका धरून मधून टोकाकडे ओढा, म्हणजे खालचा जास्तीचा मसाला आणि हवा निघून जाते. बोट फिरवून बघा, कुठे पोकळ वाजलं तर टेप तेवढी उचलून खाली मसाला द्या.

काम करताना आणि वाळताना कूलर आणि पंखा बंद. हे फार महत्त्वाचं. थेट झोत लागला की वरचं कातडं वाळतं, आत ओलंच राहतं आणि चिरा पडतात.

चुनाभट्टी_पेंटर

वाळलं की नाही हे रंगावरून कळते. ओला कंपाउंड करडा, मळकट दिसतो. वाळला की सगळीकडे सारखा पांढरा होतो. मधे एक मळकट ढग दिसत असेल तर थांबा. हाताची मागची बाजू लावा, गार लागलं तरी आत ओल आहे. नागपूरचा मे आहे म्हणून पातळ थर लवकर वाळेल, पण जाड थर वाळतच नाही.

अभ्यासिकावाला

पहिला थर आणि टेप झाली, वाळली. दुसरा थर दिला. पण ट्यूबलाइट लावली की चौकोन स्पष्ट उठून दिसतो. बाजूनं पाहिलं तर फुगवटा आहे. घासून काढू का?

गुण्या_ओळंबा

घासू नका! घासलं तर टेप उघडी पडेल.

फुगवटा येणारच. कारखान्यातून येणाऱ्या बोर्डाच्या लांब कडा किंचित उतरत्या असतात, टेप त्या खोलगटात बसते. तुमच्या कापलेल्या तुकड्याला तशी उतार कड नाही, म्हणून टेप आणि मसाला भिंतीच्या वर राहतो. तो सपाट होत नाही, डोळ्याला कळणार नाही इतका पसरवायचा असतो. पहिला थर चार इंच होता, दुसरा आठ इंच, आता तिसरा सांध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून फूटभर पसरवा. ब्लेड मोठा, दहा-बारा इंचांचा. मसाला थोडा पातळ करा, दह्यासारखा. ब्लेडची बाहेरची बाजू दाबून धरा आणि आतली हलकी सोडा, म्हणजे कडेला मसाला शून्यावर येतो. मग लोखंडी पट्टी उभी-आडवी धरून खाली टॉर्च मारा. प्रकाश कुठून निसटतो ते बघा. हळूहळू निसटत असेल तर डोळा फसतो, एकदम निसटत असेल तर दिसतं.

वर्धा_रोडवरून

घासताना तोंडाला चांगला मास्क लावा, हातरुमाल नको. धूळ फार बारीक असते. अभ्यासिकेत सकाळी मुलं येणार, तर त्या भागाभोवती प्लास्टिक टांगा. मी ओल्या स्पंजनं घासतो. पाणी पूर्ण पिळलेला स्पंज गोल फिरवायचा, धूळ उडतच नाही. मात्र कागदापर्यंत जाऊ द्यायचा नाही.

चुनाभट्टी_पेंटर

स्पंज चालते. कोरडं घासायचं तर 150 नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हातानं, शेवटी 220. नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात.

रंगाचं सांगतो. कंपाउंडवर थेट रंग मारू नका. तो भाग रंग पितो आणि बाकी भिंतीपेक्षा निस्तेज दिसतो. मग लोक म्हणतात पॅच दिसते. आधी वॉटर बेस प्रायमर, वाळल्यावर रंग. आणि फक्त तेवढ्या चौकोनावर नाही. जुना रंग कितीही तोच आणला तरी उन्हाधुळीनं भिंतीचा रंग बदललेला असतो. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत त्या बाजूचं पूर्ण पार्टिशन मारा, आणि रोलरनंच. रोलरची दाणेदार खूण असलेल्या भिंतीवर ब्रशचा चट्टा लगेच ओळखू येते.

अभ्यासिकावाला

झालं! प्रायमर झाला, रंगाचे दोन हात झाले. काल संध्याकाळी ज्या मुलीची ती जागा आहे, ती बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत होती. भोक कुठे होतं ते तिला सापडलं नाही. हॉल एकही दिवस बंद ठेवावा लागला नाही. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत, विशेषतः गुण्याकाकांचे.

आता खुर्ची परत आदळू नये म्हणून काय करू? आणि तळाशी फुगलेलं जे सांगितलं होतं, त्याचं काय?

गुण्या_ओळंबा

शाब्बास! खुर्चीसाठी तिच्या पाठीच्या उंचीला सहा इंच रुंद प्लायची पट्टी पूर्ण पार्टिशनवर आडवी मारा. वायरीचा पाईप वरून आडवा गेलाय, ती उंची भिंतीवर खडूनं आखून घ्या आणि स्क्रू तिथे लावू नका. स्क्रू स्टडमध्येच बसवा, चुंबकानं रेषा काढलेल्या आहेतच. मग कोणीही कितीही रेलून बसा, धक्का पट्टीवरून स्टडला जातो, बोर्डाला लागत नाही. मी कुठल्याही क्लासचं किंवा अभ्यासिकेचं काम घेतलं तर ही पट्टी आधीच लावून देतो, पण पैसे वाचवायला लोक ती काढायला लावतात.

फुगलेल्या भागाची मला जास्त काळजी आहे. जिप्समला धक्का दुरुस्त करता येतो, पाणी नाही. कूलरचं पाणी भरताना सांडतं, गवताच्या ताट्यांतून तुषार उडतात, आणि बोर्ड जमिनीला टेकलेला असेल तर तो खालून ओल वर ओढतो. आधी कूलर पार्टिशनपासून दूर सरकवा, झोत भिंतीला समांतर ठेवा. मग बोटानं दाबून बघा. मऊ पडला असेल तर तो भाग कापून काढावाच लागेल, त्याला कंपाउंड लावून उपयोग नाही. तिथे हिरवट रंगाचा ओलरोधक बोर्ड लावा आणि जमिनीपासून बोटभर वर ठेवा. फट स्कर्टिंगनं झाकली जाते. हे काम मात्र पावसाळ्याच्या आधी उरका, पावसात कंपाउंड वाळता वाळत नाही.

फुटाळा_किनारी

याच धाग्यात विचारतो. आमच्या वरच्या मजल्यावर जिप्सम सीलिंगला तपकिरी डाग आहे आणि मधे बोर्ड लोंबलाय. याच पद्धतीनं चौकोन कापून तुकडा बसवू का?

गुण्या_ओळंबा

अजिबात नाही, आत्ता नाही. तपकिरी डाग म्हणजे वरून पाणी येतंय. लोंबलेल्या बोर्डाखाली कोणी झोपत असेल तर आज रात्रीच पलंग हलवा. भिजलेला बोर्ड बराच जड होतो आणि एकदम खाली येतो. डागाच्या बरोबर वर गच्चीवर काय आहे? टाकी, की कूलरची जागा, की नुसता स्लॅब? टाकी असेल तर ओव्हरफ्लोचा पाईप आणि तळाचा जोड बघा. कूलर असेल तर चार दिवस बंद ठेवून डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. डाग रेघेच्या बाहेर गेला की नाही ते बघून इथेच लिहा, मग पुढचं सांगतो.